शेंदराखालचा नंबर

पळसाचा लाल रंग मातीत मिळून जातो, मोहाखालची जागा बाया झाडून ठेवतात, हरभरा घरात येऊन पडतो आणि काळं रान उघडं पडतं, की आमच्या पवनारकडे उन्हाळवाही सुरू होते. नांगराच्या फाळाखालून ढेकळं उलटतात आणि भाजक्या मडक्यासारखा कोरडा वास सुटतो. हा वास आला की मला माझी बी.एस्सी. आठवते. हसू नका. पदवी म्हटलं की कुणाला काळा झगा आठवत असेल. मला लोखंड, जवसाचं तेल आणि शेंदूर आठवतो.

परवाच आंजीहून एक जण जुना ट्रॅक्टर घेऊन दारात उभा राहिला. सौदा व्हायचा होता.

"ताई, विकणारा म्हणते का हा पहिल्या लॉटचा आहे. पाहून देता काय जरा?"

लोक आता येतात असे. मी शाळेत विज्ञान शिकवते, ट्रॅक्टर पाहणं हे काही माझं काम नव्हे. पण चैत्र-वैशाखात दोन-चार तरी येतातच. मी पदर खोचला आणि ट्रॅक्टरजवळ गेले. तो लगेच नंबराच्या पाटीकडे बोट दाखवू लागला. म्हटलं, पाटी राहू द्या भाऊ, ती शेवटी. आधी मी डोळे मिटून पुढच्या अंगावरून हात फिरवला, मग मागच्या. त्याला वाटलं असेल, बाई ट्रॅक्टरला नमस्कार करून राह्यली. काही अंशी ते खरंही होतं.

आमच्या भागात हा ट्रॅक्टर दोन प्रकारांत आला. आधी जहाजातून आख्खाच्या आख्खा उतरला, तो पहिला लॉट. मग पेट्यांतून सुटे भाग येऊ लागले आणि जुळणी इकडेच होऊ लागली, तो दुसरा. नाव तेच, तोंडवळा तोच. मालकालाही कळू नये इतके सारखे. पण जवळ जा. पहिल्याच्या चाकावरचे पत्रे रिबिटांनी ठोकलेले, दुसऱ्याचे वेल्डिंगचे. पहिल्याचे दिवे जाळीच्या आत, घुबडाच्या डोळ्यांसारखे. दुसऱ्याचे बाहेर, कानावर बसवल्यासारखे. पहिल्याच्या मीटरवर कुठल्याशा परक्या लिपीतली अक्षरं, जी आमच्या गावात कुणालाच, मला धरून, वाचता आली नाहीत. पहिल्याचे बोल्टही शिक्क्याचे, डोक्यावर बारीक खूण असलेले, दुसऱ्याचे बोडके. हे सगळं मी आज घडाघडा सांगते. पण ज्या उन्हाळ्यात मी हे शिकले त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला मला फक्त एकच गोष्ट ठाऊक होती, की मला सगळं ठाऊक आहे.

सत्तरीचं दशक सरत आलं होतं. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि आमच्या आळीत तर मुलीनं वर्ध्याच्या बसमध्ये रोज चढणं हाच चर्चेचा विषय होता. पास झाल्यावर मी वर्षभर घरीच होते. नोकरीचे अर्ज टाकायचे आणि वांगी-पालक तोडून बाजाराच्या टोपल्या भरायच्या. "इतकी शिकली अन् वांगेच तोडून राह्यली," असं बोलणारी माणसं तोंडावर बोलत. विदर्भात पाठीमागं बोलण्याची फारशी रीत नाही.

बाबांनी तो ट्रॅक्टर एका मालगुजार जमीनदाराकडून जुना घेतला होता. मी कॉलेजच्या पहिल्या, प्री-युनिव्हर्सिटीच्या वर्षात असताना. बाबा शाळेत गेले नव्हते, पण बैलबाजारात त्यांच्या शब्दाला वजन होतं. बैलाचे दात पाहून, भोवरा पाहून, पाठीवरून एक हात फिरवून ते त्याची सगळी कुंडली मांडत. ट्रॅक्टर आला, पण सवय बैलांचीच राहिली. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवली की उरलेला लाल रंग ट्रॅक्टरच्या अंगाला. दर पोळ्याला एक हात. पाच पोळे झाले, पाच थर चढले. आणि आदल्या दिवशी बैलांबरोबर त्यालाही धाम नदीच्या काठी नेऊन, काथ्यानं घासून आंघोळ.

दसऱ्याला अवजारांची पूजा. विळे, कुऱ्हाडी, वखराची पास, सगळ्यांना हळदकुंकू. पहिल्याच वर्षी आई ट्रॅक्टरसमोर ताट घेऊन उभी राहिली आणि विचारात पडली. एवढ्या मोठ्या जनावराला शेंदूर लावायचा कुठं? त्याला कपाळ कुठं आहे?

कपाळ मी शोधून दिलं. स्टिअरिंगच्या खाली, डाव्या अंगाला, तळहाताएवढी एक पितळेची पट्टी होती. चारी कोपऱ्यांत चार स्क्रू, मध्ये काहीबाही कोरलेलं. "माय, इथं लाव. हेच त्याचं कपाळ," मी म्हटलं, आणि आईनं वाटी माझ्याच हातात दिली. जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर मी अनामिकेनं त्या पट्टीवर लावला. मग दर दसऱ्याला मीच. मधल्या अमावास्यांना आई. पाच वर्षांत त्या पट्टीवर बोटभर जाडीचा थर चढला, रस्त्याकडेच्या मारुतीसारखा. येणारी-जाणारी माणसं ट्रॅक्टरला डावीकडून हात लावून तो कपाळी लावू लागली.

मग त्या चैत्रात लिफ्ट बसली.

लिफ्ट म्हणजे ट्रॅक्टरच्या पाठीमागचे ते दोन लोखंडी हात, जे नांगर उचलतात. बांधाशी आलं की नांगर वर, वळलं की खाली. आमचा नांगर खाली गेला तो वर येईचना. घरामागच्या वावराच्या मधोमध जमिनीत रुतून बसला. बारा एकराचं ते काळं रान कुंद्यानं भरलेलं होतं. कुंदा म्हणजे गवत नव्हे, वैरी. त्याच्या मुळ्या खोल नांगरून वर काढायच्या आणि वैशाखाच्या उन्हात महिनाभर भाजायच्या, तरच तो मरतो. जेमतेम चार एकर उलटून झालं होतं. बाकीचं मृगाच्या आत नांगरून तापलं नाही, तर त्या वर्षीची पऱ्हाटी, म्हणजे आमची कपाशी, कुंद्याच्या पोटात जाणार, हे सांगायला पदवी लागत नव्हती.

नत्थू मिस्त्री सायकलवर आला. पान थुंकला, मागच्या, गिअरच्या पेटीवरचा पंप खोलून पाहिला.

"मेला हा पंप, महादेवभाऊ. नवा लागते. पण कोणता आणाचा ते मले नोका विचारू. दोन परकारचे येतात, दिसाले एकसारखे. नागपूरवाला पहिला लॉट का दुसरा लॉट, तेच विचारन. त्याले नंबर पाहिजे."

"नंबर कोठी असते?" बाबांनी विचारलं.

नत्थूनं डावीकडे वाकून पाहिलं. मग टोपी काढली आणि हसूच लागला. "तो तं देव होऊन बसला ना बाप्पा!"

मी कोपरापर्यंत लाल झाले. तो नंबर कुणा चोरानं घासला नव्हता. मीच बुजवला होता, अनामिकेनं, दर वर्षी, आंघोळ करून. आणि रसायनशास्त्र शिकत असताना बुजवला होता. शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड, जवसाच्या तेलात कालवला की दगडासारखा घट्ट होतो, हे मी परीक्षेत लिहून आले होते.

मी चाकू घेऊन आले. आई आडवी उभी राहिली.

"देवाचं कवच आपून काढत नसतो. तो टाकन तवा टाकन."

"माय, तो देव नाई. पितळेची पट्टी आहे."

"असं काय? मंग पाच वर्षं तूच शेंदूर लावून राह्यली होती न वं? तवा काऊन नाई म्हटलं?"

मी चाकू ठेवून दिला.

तीन दिवस नांगर वावरात उभा. चौथ्या दिवशी आई टोपली घेऊन वावरात गेली आणि दुपारच्या आत परत आली. ओच्यातून तिनं कुंद्याचा एक कोंब काढून माझ्यासमोर ठेवला. नांगरलेल्या आणि न नांगरलेल्या जागेच्या सीमेवरचा, हिरवागार. आई त्याच्याकडेच पाहत म्हणाली, "काढ. पण लोखंड लावू नको त्याले."

लोखंड लावलं नाही. आईनं नारळ फोडला, हात जोडून ट्रॅक्टरची परवानगी मागितली. मी रॉकेलात भिजवलेला फडका पट्टीवर ठेवला, आणि बांबूची कमची घेऊन दुधावरची साय काढावी तसा एकेक पापुद्रा उचलत गेले. आई पळसाच्या द्रोणात तो झेलत गेली. खाली सांडू द्यायचा नाही. पाच दसरे निघाले. आणि खाली पितळ निघालं ते असं लखलखीत, जसं कालच कारखान्यातून आलंय. बाकी सगळ्या ट्रॅक्टरला गंज होता, पण त्या शेंदरानं नंबर मात्र नव्यासारखा सांभाळून ठेवला होता. आईनं तो द्रोण धामच्या पाण्यात सोडला. मी नंबर वहीत उतरवला आणि दुसऱ्या दिवशीची नागपूरची बस ठरवली.

बाबा तेवढ्यात ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाशी बसले होते. म्हणाले, "कुसुम, एक गोष्ट पाह्य. पुढच्या अंगाले हात फिरवला तं खरखर लागते. मागं नाई लागत. दर पोळ्याले घासतो मी. मले तं हा मागचा भाग याचा वाटतच नाई."

"बाबा, नंबर खोटं बोलत नाई."

"नंबर काऊन खोटं बोलन? पण तो कोणाचा नंबर आहे, ते तं पाह्य."

मी हसले. ते हसू मला अजून आठवतं. शिकलेल्या पोरांच्या ओठांवर येतं ते, आईबापांना समजून घेतल्यासारखं.

नागपुरात, कॉटन मार्केटजवळच्या एका दुकानात, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेल्या एका म्हाताऱ्या शेटजींनी माझा नंबर आपल्या जाड वहीत शोधला. "पहिला लॉट. फर्स्ट क्लास गाडी आहे, बेटी," म्हणाले, आणि पंप काढून दिला. मी तो मांडीवर घेऊन बसमध्ये बसले. वाटेतलं सेलू आलं, तशी माझ्या डोक्यात आळीतल्या बायांची तोंडं येऊ लागली. आता बोला म्हणावं.

पंप बसला. चारी बोल्ट अगदी चपखल. आजूबाजूचे आठ-दहा जण पाहायला जमले होते. नत्थूनं तेल भरलं, बाबा सीटवर चढले, इंजिन सुरू झालं. बाबांनी लिफ्टचा दांडा ओढला.

नांगर हलला नाही.

पुन्हा ओढला. इंजिन धडधडतंय, धूर निघतोय, आणि नांगर गाढवासारखा आपला बसलेला.

"बीएस्सीवाल्या पंपाचा आज उपास दिसते," नत्थू म्हणाला. लोक हसले. कुणीतरी मागून विचारलं, "कॉलेजात ट्रॅक्टरचा पेपर नसते काय वं, पोरी?" मी घरात गेले नाही. जावंसं फार वाटत होतं, पण तिथंच उभी राहिले. माझ्यात काही चांगलं असेल तर ते एवढंच, की चुकल्यावर मी जागा सोडत नाही.

लोक पांगले. नत्थूनं पंप पुन्हा खोलला आणि त्याच्या अंगावरचा बाण दाखवला. "पाह्य, याले उजवीकडं फिराचं आहे. अन् ही पेटी याले डावीकडं फिरवून राह्यली." तो आता हसत नव्हता. "याचा जोडीदार पाहिजे. पण शेटजी काई ऐकणार नाई. म्हणन, नंबर तुमचा, पंप बरोबर, मिस्त्री गाढव."

दुसऱ्या दिवशी सकाळी, उन्हानं लोखंड तापायच्या आत, मी ट्रॅक्टरपाशी गेले. बाबा तिथंच दात घासत होते. मी म्हटलं, "बाबा, कुठं खरखर लागते?" त्यांनी माझं मनगट धरलं, आणि माझा तळवा इंजिनाच्या पोटावर ठेवला. डोळे मीट म्हणाले. खरखर होती. ओतकामाच्या वाळूचे कण लोखंडात गोठल्यासारखी, पाच पोळ्यांच्या रंगाखालूनही हाताला लागणारी. मग त्यांनी हात मागच्या पेटीवर नेला. तिथं लोखंड माठासारखं गुळगुळीत. मधला सांधा बोटाखालून गेला तेव्हा दोन गावांची शीव ओलांडल्यासारखं वाटलं. पाच वर्षं मी या ट्रॅक्टरला शेंदूर लावत होते. त्याला हात असा कधी लावलाच नव्हता.

मग मात्र माझी पदवी कामाला आली. हेही तितकंच ठासून सांगते, कारण कुणी म्हणेल, बापाच्या हातापुढं शिक्षण हरलं. अजिबात नाही. मी दाढीचं पातं घेतलं आणि पुढं एक, मागं एक, अशा नखाएवढ्या दोन खिडक्या रंगात कोरल्या. पुढं पाच लाल थर, आणि त्यांच्या तळाशी निळसर हिरवा, तळ्याच्या पाण्यासारखा. तो कारखान्यातला. मागं पाच लाल थर आणि खाली नुसता राखी. हिरव्याचा मागमूस नाही. मग मी गोणपाट अंथरून ट्रॅक्टरखाली शिरले. मागच्या पेटीच्या तळाला चिखल आणि तेलाची खपली धरली होती. रॉकेलानं ती धुतली तर खालून ओतीव अक्षरं वर आली. प्रॅक्टिकलच्या वहीतला आलेखाचा कागद त्यावर धरला आणि पेन्सिल आडवी करून घासली. लहानपणी नाण्याचा छाप काढतो ना, तसा. रंगाचे कपचे दोन पुड्यांत बांधले. एकीवर लिहिलं "पुढचे", दुसरीवर "मागचे".

शेटजी आधी ऐकेचनात. "गावचे मिस्त्री उलटं बसवतात अन् बदलून मागतात. तुझा नंबर पहिल्या लॉटचा. मी दिला तो पंप बरोबर." मी कागद त्यांच्यासमोर पसरला. दोन्ही पुड्या सोडल्या. त्यांनी चष्मा वर केला, कागद उजेडाकडे धरला, मग उठून मागच्या खोलीतून एक दुसरीच वही आणली. बराच वेळ पानं उलटली.

"ही पेटी तर दुसऱ्या लॉटची आहे, बेटी. ये तो दोन गाड्यांचा जोड झाला! कधीतरी मागची पेटी फुटली असन, कोणीतरी दुसरी आणून बसवली." त्यांनी पंप बदलून दिला. मग विचारलं, "पण पकडलं कुणी हे? तू?"

"मी कागदावर आणलं. पकडलं माझ्या बाबांनी."

"इंजिनीअर आहेत?"

"नाही. ते शाळेत गेले नाहीत."

हे वाक्य मी आयुष्यात आधीही अनेकदा बोलले होते, कॉलेजचे फॉर्म भरताना, मैत्रिणींच्या घरी. दर वेळी घाईघाईनं, पुढचा प्रश्न येऊ नये म्हणून. त्या दिवशी पहिल्यांदा मी ते सावकाश बोलले, आणि पुढचा प्रश्न यावा म्हणून थांबले.

बाबांना घरी येऊन सगळं सांगितलं. पुढचं धड एकाचं, मागचं दुसऱ्याचं. "तुम्हीच बरोबर होता, बाबा." त्यांनी ऐकून घेतलं, बिडी विझवली. "मंग ट्रॅक्टरले सांगू नको. इतके दिवस गुण्यागोविंदानं चालून राह्यला." आणि मग, "जेवली काय तू?"

दुसऱ्या दिवशी नांगर उचलला गेला. फाळावरची सुकलेली माती खाली गळली आणि दोन्ही लोखंडी हात आभाळाकडे गेले. नत्थूनं टोपी काढली, या वेळी न हसता. बाबांनी सीटवरून माझ्याकडे पाहिलंही नाही. सरळ तासाला लागले. मृग लागायच्या आधी बारा एकर उलटून झालं होतं, आणि कुंद्याच्या मुळ्या उन्हात पांढऱ्या पडल्या होत्या. त्या वर्षीची पऱ्हाटी, मी दाणा-बोंडाचा हिशेब सांगत नाही, पण डोक्याएवढी झाली.

आंजीच्या त्या माणसाला मी परवा सांगितलं, भाऊ, पहिल्या लॉटचाच आहे, पुढून-मागून एकाच आईचा, खुशाल घ्या. फक्त दिवे नंतरचे आहेत. तो म्हणाला, "अन् पाटी? पाटी पाह्यलीच नाई तुम्ही." मग पाहिली. शेंदूर होता तिच्यावर. सगळीकडे असतोच. पण मधला नंबर उघडा होता, स्वच्छ. मला हसू आलं. विचारलं, असा कुणी लावला? तर म्हणे, विकणाऱ्याची बायको पवनारची आहे, तिकडं असाच लावतात.

तिकडं असाच लावतात. त्याची सुरुवात मी पाहिली आहे.

त्या वर्षीचा दसरा. पऱ्हाटीला बोंडं धरलेली. आईनं वाटीत जवसाचं तेल घेतलं, शेंदूर कालवला आणि वाटी दर वर्षीसारखी माझ्या हातात दिली. मी पट्टीसमोर उभी राहिले आणि थांबले. लावावा, तर पुन्हा तेच. न लावावा, तर आईचा देव उघडा. मी तिच्याकडे पाहिलं. ती पुढं झाली. तिला अक्षर येत नव्हतं. माझ्या कॉलेजच्या कागदांवर पालकाची सही म्हणून तिनं शाई लावून उमटवला होता, तोच उजव्या हाताचा अंगठा तिनं त्या पितळी नंबरावर घट्ट दाबून धरला.

"आता लाव," ती म्हणाली. "चारी अंगानं."